माजी सैनिक आजोबांच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे. युद्धाचं लिहू की बाकीचं?

तुम्ही विचारलंय की आजोबा ९२व्या वर्षी गेले, फौजेत होते, क्रिकेटचं वेड होतं, पेन्शनीत आल्यावर त्यांनी भारत पालथा घातला. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी छोटी पुस्तिका काढायची आहे. घरातले म्हणतात युद्धाचं लिही, पण ते स्वतः युद्धाबद्दल फारसं बोललेच नाहीत. तर लिहायचं काय, आणि नोकरीची माहिती आणायची कुठून?

क्रिकेटचं आणि प्रवासाचं लिहा. आधी ते, आणि पोटभर. युद्धाला एक पान द्या, पुष्कळ झालं.

इतकं ठाम सांगतोय कारण आमच्या घरात नेमका हाच वाद झाला आणि माझं काही चाललं नाही. परिणाम काय झाला तो छापील स्वरूपात माझ्या कपाटात पडलाय.

आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, गडहिंग्लज तालुक्यातले. १९५१ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बहुतेक नोकरी पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत. १९७९ ला सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि गेल्या साली गेले, तेव्हा वय ९१. आमच्या भागात फौजी माणूस म्हणजे काही नवल नाही. घरोघरी माळ्यावर एक काळी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आप्पांच्या ट्रंकेत युनिफॉर्म नव्हता. होत्या त्या चोपड्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाण्याकडं असतात तसल्या. त्यात दोनच गोष्टींची नोंद असायची: कुठून कुठं गेलो आणि कुठली मॅच बघितली.

खेळ म्हणजे फुटबॉल. कोल्हापूर-गडहिंग्लजकडच्यांना यात काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडं कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की निम्मं कोल्हापूर तिथं असतं. वर्ल्ड कपच्या दिवसांत पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि त्यावरून घराघरात अबोला धरतात. आप्पा ब्राझीलवाले. त्याचं कारण खालच्या नोंदीत आहे. जशीच्या तशी देतो:

"२४-९-७७. कलकत्ता. ईडन गार्डन. पाऊस. मैदान चिखल. बागान २ कॉसमॉस २. पेलेला बघितलं. बागानचा गोली शिवाजी नावाचा, त्यानं पेलेची फ्रीकिक अडवली. जेवण मच्छी-भात. गाडी उद्या."

ही मॅच ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेले तेव्हा न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडून खेळत होता आणि निवृत्तीला आला होता. जपान-चीनकडच्या दौऱ्यावरून कॉसमॉस कलकत्त्याला उतरली आणि मोहन बागानशी खेळली. पावसानं मैदानाची दैना झालेली, मॅच होते की नाही अशी धाकधूक. बागानचे कोच पी. के. बॅनर्जी. श्याम थापा आणि हबीब यांनी गोल केले, बागान २-१ नं पुढं होतं, मग पेनल्टीवर कॉसमॉसनं बरोबरी साधली. गोलकीपर होता शिवाजी बॅनर्जी. एका मराठा सुभेदारासमोर शिवाजी नावाच्या बंगाली पोरानं पेलेची फ्रीकिक अडवली. आप्पांनी हे आयुष्यभर ज्या आनंदानं सांगितलं त्या आनंदानं त्यांनी स्वतःच्या बढतीबद्दलही कधी सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबरला, पेले न्यूयॉर्कजवळ शेवटची मॅच खेळला, अर्धा वेळ कॉसमॉसकडून आणि अर्धा सँटोसकडून, म्हणजे त्याच्या ब्राझीलमधल्या जुन्या क्लबाकडून. म्हणजे आप्पांनी त्याला अगदी शेवटाला गाठला.

आता मूळ भानगड. आप्पा तेव्हा पलटणीबाहेरच्या नेमणुकीवर आसामात होते आणि सुट्टीवर घरी निघाले होते. हावड्याला गाडी बदलायची. फोर्ट विल्यम, म्हणजे तिथला फौजेचा किल्ला, ईडन गार्डनला लागूनच. तिथल्या ओळखीच्या हवालदारानं पासची सोय केली आणि आप्पांनी पुढची गाडी सोडून दिली. घरी तार नाही, काही नाही. इकडं त्यांचा मोठा मुलगा, माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, गडहिंग्लजच्या स्टँडवर बापाची वाट बघत बसलेला. तेव्हा तो लहान होता. बेळगावकडून आलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. संध्याकाळी माझ्या वडिलांनी त्याला उचलून घरी आणला. दुसऱ्या दिवशीही तेच. आप्पा आले ते रसगुल्ल्याचा डबा घेऊन, आणि आल्या आल्या ओट्यावर बसून पेलेची गोष्ट सांगायला लागले. दादानं तो डबा उघडला नाही. फुटबॉलला त्यानं त्यानंतर कधी पाय लावला नाही.

दादाचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा बाप घरी यायचा, त्यातले दोन दिवस एका परक्या खेळाडूनं खाल्ले. पण या दुःखाचं दादानं पुढं काय केलं ते चुकीचं होतं आणि हे मी त्याच्या तोंडावर बोललोय.

आप्पा गेल्यावर उत्तरकार्याला वाटायला चार पानांची पुस्तिका काढायचं ठरलं. मी गावात राहतो, शाळेत शिकवतो आणि आप्पांच्या शेवटच्या वर्षांत मीच जवळ होतो, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी चोपड्या काढल्या आणि लिहिलं. ईडन गार्डन लिहिलं. आंबोलीच्या घाटातून सावंतवाडी, तिथून गोवा आणि फातोर्ड्याला धेंपो-साळगावकर मॅच, तेही लिहिलं. साळगावकरचा ब्रह्मानंद शंखवाळकर त्यांचा लाडका गोलकीपर. शिवाजीनंतर ब्रह्मानंद, असा त्यांचा क्रम होता. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. अमेरिकेनं आपल्याला ३-० हरवलं तरी आप्पा टीव्हीसमोर ताठ बसून होते. कोलंबियाविरुद्ध जिक्सननं गोल केला, वर्ल्ड कपातला भारताचा पहिला गोल, तेव्हा ८४ वर्षांचा माणूस खुर्चीवरून उठून अंगणात आला आणि शेजाऱ्यांना हाका मारायला लागला. हे सगळं लिहिलं.

प्रवासाचं तर वेगळं पुस्तक होईल. फौजेत असताना वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या तिकिटावर, देश बघितला. जम्मू, तेजपूर, सिलिगुडी, सिकंदराबाद. पण ते जाणं हुकमाचं. रात्री गाडीत बसवायचे आणि सकाळी कुठं उतरवतील ते उतरल्यावर कळायचं. म्हणून पेन्शनीत आल्यावर त्यांनी तीच ठिकाणं स्वतःच्या पैशानं आणि दिवसाउजेडी परत बघितली. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना बहुतेक आप्पांसाठीच काढली असावी. सात दिवसांचा पास काढायचा, पिशवीत एक धोतर, एक सदरा, तांब्या आणि चोपडी टाकायची आणि चंद्रपूरपर्यंत जाऊन यायचं. ड्रायव्हरमागचं बाक, खिडकीकडची बाजू. देवळांत फार रमले नाहीत. पंढरपूरला गेले तरी कळसाला हात जोडून बाहेर पडायचे आणि कुठल्या मैदानावर पोरं खेळतायत ते शोधायचे. ऑगस्ट २०२२ ला ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा आप्पा ८९ वर्षांचे. घरच्यांनी कपाळाला हात लावला, कारण आता त्यांना पैशांचं कारण सांगून थांबवता येणार नव्हतं. आधारकार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवून त्या दिवाळीआधी ते एकटे साताऱ्याला जाऊन आले.

दादा पुण्याहून आला, मसुदा वाचला आणि म्हणाला, "हे काय लिहिलंस? माणूस लढाईत होता, आणि तू एसटीचं तिकीट लिहितोस?"

त्यानं काय लिहिलं ते सांगतो. जमालपूर. ते खोटं नाही, उलट पलटणीच्या इतिहासातलं मोठं पान आहे. डिसेंबर १९७१ ला जंगी पलटण मेघालयाच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात शिरली. ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं जाऊन ढाक्याचा रस्ता अडवून बसली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शहरातल्या पाकिस्तानी बलुच पलटणीला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघायला बघत होती. मराठ्यांनी रस्ता सोडला नाही. १६ तारखेला जंगी पलटण ढाक्यात होती.

दादानं गोळीची चिठ्ठी मथळ्यात घेतली. आप्पांनी ती चिठ्ठी डोळ्यांनी बघितली नव्हती. ते शहराच्या पलीकडं भातखाचरात खंदक खणत होते. त्या रात्रीबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी सांगितलं की खणेल तितकं पाणी लागत होतं, गुडघ्यापर्यंत गारठा चढत होता आणि बिडी पेटवायची सोय नव्हती. पुढं म्हणाले, "सकाळी उजाडलं." आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. ते परत आले नाहीत त्या विषयाकडं, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मी दादाला म्हणालो, लढाईला ते हुकमानं गेले, ईडनला आपल्या पायांनी गेले. माणूस कसा होता ते या दुसऱ्या जाण्यावरून कळतं. लढाईत शेजारच्या खंदकातला माणूसही तेच करत होता जे आप्पा करत होते, कारण ते कवायतीनं अंगात मुरवलेलं असतं. पण सुट्टीतली गाडी सोडून चिखलातला पेले बघायला उभं राहणं हे त्या खंदकातल्या दुसऱ्या कुणी केलं नसतं. दादा म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी. दुसऱ्या कुणी केलं नसतं."

पुस्तिका दादाची छापली गेली. पैसे त्याचे होते, आणि बाप त्याचा होता, इथं माझं तोंड बंद. माझ्या सगळ्या मजकुराची जी ओळ शेवटच्या पानावर उरली ती अशी: "त्यांना खेळाची व प्रवासाची आवड होती."

ही ओळ तुमच्या पुस्तिकेत चुकूनही घेऊ नका. ही ओळ कुणाच्याही बापाला चालते. तुमचे आजोबा कुठली मॅच बघायला कुठं गेले, रेडिओ कुणाच्या दुकानात ऐकायचे, कुठल्या बॅट्समनला शिव्या घालायचे, कुठल्या स्टँडवरच्या कॅन्टीनची मिसळ त्यांना आवडायची, हे नावानिशी लिहा. आणि त्यांच्या त्या वेडापायी घरात कुणाची परवड झाली असेल तर तेही लिहा. दादानं स्टँडवरचे ते दोन दिवस स्वतः लिहून दिले असते तर मी माझा अर्धा मजकूर काढून ते टाकले असते. मी त्याला तसं म्हणालोही होतो. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. मी मनापासून बोललो होतो. पेलेसाठी थांबलेला बाप आणि स्टँडवर थांबलेला मुलगा हे एकाच पानावर आले पाहिजेत, तरच वाचणाऱ्याला आप्पा कळतील. दादा हे उत्तर वाचेल, त्यानं वाचावंच.

२९ डिसेंबर २०२२ ला पेले गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आल्यावर आप्पांनी मला दादाला फोन लावायला लावला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. म्हणाले, "तुझा वैरी गेला रे." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग दादानं विचारलं, "आप्पा, तेव्हा तार तरी करायची." आप्पा म्हणाले, "तार करायला हवी होती. पण मॅच सोडली नसती." मी हे मसुद्यात लिहिलं होतं. दादानं पहिली काट यावर मारली.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, माहिती कुठून आणायची. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, घरात असतोच, आजीच्या लुगड्यांखाली बघा. त्यातला आर्मी नंबर घेऊन रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. पत्र कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. मेडल्स असतील तर चकतीची कड उजेडात धरून बघा, तिथं नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ७१ ला पूर्वेकडं असतील तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडं असतील तर पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल. ६५ असेल तर रक्षा मेडल किंवा समर सेवा स्टार. कुठला आघाडीवरचा आणि कुठला पाठीमागचा हे न समजता 'वीरचक्र विजेते' वगैरे छापू नका. कार्यक्रमाला त्यांच्या पलटणीतलं एखादं म्हातारं माणूस येतं, ते शेवटच्या रांगेत बसून सगळं वाचतं, आणि खोटं छापलेलं दिसलं की न जेवता निघून जातं. मी हे दुसऱ्या एका घरी बघितलंय.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमचे आजोबा युद्धाबद्दल खरोखरच मोकळेपणानं बोलत असते, मित्रांची नावं घेत असते, दरवर्षी रेजिमेंटच्या मेळाव्याला जात असते, तर माझा वरचा सल्ला उलटा फिरवा. काही माणसांचं सगळं आयुष्य खरंच त्या लढाईच्या दिवसांत असतं. पण तुम्हीच लिहिलंय की ते बोलले नाहीत. नव्वदी पार केलेला माणूस एखादा विषय आयुष्यभर टाळतो तेव्हा त्याला तो विसरलेला नसतो. त्याच्या माघारी आपण तोच उचलून मथळा करायचा, हे मला पटत नाही.

दुसरं, आजीला विसरू नका. आमच्या दोन्ही मसुद्यांत काकू जेमतेम होती, माझ्याही. माणूस २८ वर्षं पलटणीत आणि पुढची चाळीस वर्षं एसटीत, तर शेत, म्हशी, पोरांच्या फिया आणि सासूचं दुखणंखुपणं कुणी काढलं? तुमच्या आजी असतील तर आजच त्यांच्यापुढं फोटोंची पिशवी ओता आणि प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं आणि साल लिहून घ्या. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. पलटणीचे गटफोटो आधी घ्या, त्यातली नावं घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नसतात. काकूनं मला मधल्या रांगेतला डावीकडून तिसरा दाखवून सांगितलं की हाच तो हवालदार, ज्यानं पास दिला होता.

छापायला टाकण्याआधी पुस्तिका घरातल्या सगळ्यांना वाचायला द्याल, तेव्हा कुणीतरी नक्की म्हणेल की क्रिकेटचं एका ओळीत उरका. त्यांना हे उत्तर दाखवा. तरीही ऐकलं नाही तर तुमचा मसुदा वेगळा झेरॉक्स करून नातवंडांना वाटा. मी आप्पांच्या चोपड्यांचं सध्या तेच करतोय.